चष्म्यातला कॅमेरा आणि आपला चेहरा: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

गेल्या पावसाळ्यात बोटीवर नोकरीला असलेला एक मुलगा सुट्टीत घरी आला होता. दुकानात येऊन त्याने काउंटरवर एक काळी फ्रेम ठेवली आणि म्हणाला, "काका, यात माझा नंबर घालून द्या." गोव्यातल्या फोंड्यात चष्म्याचं दुकान चालवता चालवता माझी वीसेक वर्षं गेली. फ्रेम हातात आली की वजनावरूनच तिची जात कळते. ही जड लागली, दांड्या जाड आणि ताठ. कानामागचं टोक वळवायला मी सवयीने दांडी हीटरकडे नेली, तर तो ओरडलाच, "काका, गरम नको, आत बॅटरी आहे!"

मग त्याने तो घालून दाखवला. बोलता बोलता फ्रेमच्या कोपऱ्यात पांढरा दिवा लुकलुकताना दिसला. त्याच्या समोरच्या खुर्चीवर म्हार्दोळची एक बाई मुलीला घेऊन बसली होती. मुलगी सात-आठ वर्षांची, एक डोळा झाकून तक्ता वाचत होती.

"हे काय लुकलुकतंय रे?"

"व्हिडिओ. तुमचं दुकान दाखवतोय, स्टोरीला टाकतो."

पोरगा वाईट नव्हता. हातात फोन असता तर त्याने विचारलं असतं. नसतं विचारलं तरी त्या बाईला फोन वर जाताना दिसला असता आणि तिने मुलीला बाजूला घेतलं असतं. इथे हातच वर गेला नाही. कुणी आपलं चित्र काढतंय हे आपल्याला आजवर समोरच्याच्या हातावरून कळायचं, ती खूणच या चष्म्याने काढून घेतली आहे. क्लिप त्याने तिथेच पुसली. तेव्हापासून ओळखीची माणसं विचारत असतात: हा चष्मा घालून आलेला माणूस आपलं नाव-गाव काढू शकतो का? काय करायचं? प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून सांगण्यापेक्षा लिहून काढतो.

पायरी पहिली: चष्मा ओळखायला शिका

मेटा (फेसबुकवाली कंपनी) आणि रे-बॅन यांचा कॅमेऱ्याचा चष्मा भारतात मे २०२५ मध्ये रीतसर विक्रीला आला, सुरुवातीची किंमत २९,९०० रुपये. गोव्यात तो त्याआधीही दिसत होता, कारण आपल्याकडे गल्फहून आणि बोटींवरून येणाऱ्या बॅगांतून सगळंच आधी येतं.

समोरून बघताना फ्रेमचे वरचे दोन कोपरे बघा. दोन्हीकडे टिकलीएवढी काळी वर्तुळं दिसतील. एकात कॅमेरा, दुसऱ्यात दिवा. जुन्या धाटणीच्या जाड फ्रेमवर नेमक्या त्याच जागी चकचकीत रिवेट असतात, म्हणून नजर फसते. रिवेट उजेडात धातूसारखी चमकते, कॅमेऱ्याचं वर्तुळ काळं आणि खोल दिसतं. दुसरी खूण दांडीची. साधी दांडी बोटाने लवते, ही लवत नाही, कारण तिच्या आत बॅटरी, स्पीकर, सगळा संसार आहे. उजव्या दांडीच्या वरच्या कडेला एक बटण असतं. समोरच्याचं बोट तिथे गेलं की फोटो निघाला असं समजा. पण बटण लागतंच असं नाही, तोंडी हुकूम देऊनही फोटो निघतो.

आता दिव्याबद्दल. फोटो काढताना तो एकदा चमकतो, व्हिडिओ चालू असेपर्यंत लुकलुकत राहतो. २०२१ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीत तो इतका बारीक होता की आयर्लंड आणि इटलीच्या गोपनीयता नियामकांनी कंपनीला विचारलं, हा लोकांना दिसतो तरी का? २०२३ च्या पिढीत दिवा मोठा केला आणि तो पट्टीने झाकला तर चष्मा चित्रणच करणार नाही अशी सोय केली. तरी कळंगुटच्या वाळूवर दुपारी दोन वाजता तो दिवा कुणाला दिसणार? शिवाय अमेरिकेत ६० डॉलर घेऊन हा दिवा कायमचा बंद करून देणारा एक हौशी कारागीर असल्याचं २०२५ मध्ये बातम्यांत आलं. तेव्हा दिवा दिसला तर चित्रण चालू आहे हे नक्की, दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

ऑनलाइन बाजारात दोन-चार हजारांत मिळणारे 'स्पाय' चष्मे हा आणखी वेगळा प्रकार. त्यांना दिवाच नसतो. नाकावरच्या पुलात किंवा दांडीच्या टोकाला टाचणीएवढं भोक असतं, तेवढंच. कुणी कंपनी-नियामकांची चर्चा करत बसतो तेव्हा मला हे चष्मे आठवतात.

एक विनंती: जाड फ्रेम दिसली की संशय घेऊ नका. माझ्याकडे येणारी निम्मी कॉलेजची पोरं तसल्याच फ्रेम घेतात आणि त्यांत प्लास्टिकशिवाय काही नसतं.

पायरी दुसरी: चष्मा काय करतो आणि नाव कुठून येतं, हे वेगळं करा

लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. चष्म्यात कॅमेरा असतो. चेहरा ओळखणं हे दुसऱ्याच यंत्रणेचं काम आहे आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या संगणकावर चालते.

ते काम कसं चालतं? मी तुमच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजतो, त्याला आम्ही पीडी म्हणतो. कुणाचं ६१ मिलिमीटर, कुणाचं ६५. तो एक आकडा. संगणक चेहऱ्याच्या फोटोवरून असे काही शे आकडे काढतो. ती नाक-डोळ्यांची सरळ मापं नसतात. लाखो चेहरे बघून यंत्राने स्वतःच ठरवलेली ती मापं असतात. त्या आकड्यांच्या रांगेशी जवळात जवळ जुळणारी दुसरी रांग साठ्यात सापडली की यंत्र म्हणतं, हाच तो.

याचे दोन उपयोग आहेत आणि दोन्हींतलं भय सारखं नाही. पहिल्यात यंत्र एकच प्रश्न विचारतं: हा तोच माणूस आहे का? फोनचं लॉक उघडतं ते असं. दाबोळीच्या विमानतळावर डिजीयात्रा वापरून आत जाता तेही असंच, तुम्ही स्वतःहून नोंदणी केलेली असते. (ती सक्तीची नाही. तिकीट आणि ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येतं, कुणी गेटवर दामटलं तरी.) दुसऱ्यात प्रश्न असतो: लाखो-करोडो चेहऱ्यांतला हा कोण? वाटेवरच्या परक्या माणसाचं नाव काढायचं तर हे दुसरं काम करावं लागतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ते करून दाखवलं. चष्मा बाजारातलाच घेतला. त्यातला व्हिडिओ इन्स्टाग्रामवरून थेट सोडला, संगणकाने त्यातले चेहरे उचलले, पिमआईज नावाच्या चेहराशोधक संकेतस्थळाला दिले. तिथून तो चेहरा ज्या ज्या पानांवर होता ती पानं मिळाली. त्या पानांतून नाव काढलं, नावावरून पत्ता, आणि सगळं फोनवर आलं. ट्रेनमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसांना त्यांनी नावानिशी हाक मारली. प्रणालीचं नाव ठेवलं आय-एक्सरे. तिचा कोड त्यांनी बाहेर दिला नाही, उलट अशा संकेतस्थळांवरून आपला चेहरा काढून कसा घ्यायचा ते लिहून ठेवलं.

या साखळीत चष्मा फक्त पहिल्या कडीपुरता होता. नाव चष्म्यात नव्हतं, नेटवर पडलेल्या फोटोंत होतं.

कंपन्या काय म्हणतात? गूगलने आपल्या ग्लास या चष्म्यावर चेहरा ओळखणारी अॅप चालू देणार नाही असं २०१३ मध्येच सांगितलं होतं. फेसबुकने नोव्हेंबर २०२१ मध्ये फोटोतले चेहरे ओळखायची आपली यंत्रणा बंद करून अब्जावर लोकांचे साठवलेले आकडे पुसणार असल्याचं जाहीर केलं. चांगलंच झालं. पण ही कंपन्यांनी स्वतः घातलेली कुलुपं आहेत आणि किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

आणखी एक. ही यंत्रं चुकतात आणि सगळ्यांसाठी सारखी चुकत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट जास्त निघाली. म्हणजे दुसऱ्याचं नाव आपल्या चेहऱ्यावर चिकटण्याचा धोका आपल्याला अधिक.

पायरी तिसरी: नेटवरचा आपला चेहरा आवरा

एवढं समजलं की काम कुठे करायचं ते ध्यानात येतं. समोरच्याचा चष्मा आपल्या हातात नाही, आपले फोटो बऱ्याच अंशी आहेत. एक संध्याकाळ काढा, चहा घेऊन बसा.

आधी ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) विंडो उघडून आपलं नाव आणि गावाचं नाव एकत्र शोधा. मग नाव आणि शाळा, नाव आणि नोकरी. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. चित्रांच्या टॅबवर जा. माझ्या नावाने मला काय मिळालं? २०१४ च्या एका भजन स्पर्धेतला फोटो, मागच्या रांगेत तिसरा. त्याखाली सगळ्यांची नावं, डावीकडून उजवीकडे, ओळीने. हौशी कार्यकर्त्याने किती मन लावून टाइप केलं असेल!

असे फोटो सापडले तर ज्याने टाकले त्याला सरळ फोन करा. फोटो राहू दे, नावं काढ, एवढंच सांगा. चेहरा आणि नाव यांची गाठ सुटली की वर सांगितलेल्या साखळीतली एक कडी गेली.

फेसबुकवर प्रोफाइलचं चित्र कुणालाही दिसतं, जुनी चित्रं आणि कव्हरही बहुधा उघडीच पडलेली असतात. एकेक उघडून वरची पृथ्वीगोलाची खूण (म्हणजे 'सगळ्यांना दिसतं') बदला. भारतात प्रोफाइलला कुलूप लावायची सोय २०२० पासून आहे, ती वापरा. सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करायचा पर्यायही आहे. व्हॉट्सअॅपचा डीपी 'माझे संपर्क' एवढ्यावर आणा. दहा मिनिटांचं काम.

यापुढचं काम अवघड, कारण ते आपल्या सवयींच्या विरुद्ध आहे. चवथीच्या शुभेच्छांचे फलक बघा. फोटो, नाव, पद, वाडा, मोबाइल नंबर, सगळं एका फ्लेक्सवर, आणि त्या फ्लेक्सचा फोटो पुन्हा फेसबुकवर. हार्वर्डच्या पोरांना पाच पायऱ्या लागल्या, आमचे उत्साही उमेदवार पाचही एकाच फलकावर पुरवतात. आणि लग्नाचे बायोडेटा! मुलीचा उभा फोटो, जन्मवेळ, कंपनीचं नाव, पगार, वडिलांचा नंबर, घराचा पत्ता, आणि ती पीडीएफ सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत पंधरा गटांत फिरलेली. तुमच्या घरी लग्नाचं बघत असाल तर माझं ऐका: फिरवायच्या बायोडेटात फोटो आणि नंबर एकत्र ठेवू नका. आधी माहिती पाठवा, समोरून रस दिसला की फोटो स्वतः पाठवा. थोडं जुन्या मध्यस्थांसारखं वाटेल. वाटू दे.

मुलांच्या बाबतीत शाळेशी बोला. बक्षीस समारंभाचा फोटो शाळेच्या पानावर जाणारच, पण त्याखाली पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी कशाला हवी? पालकसभेत एकाने विचारलं की बाकीचेही मान डोलावतात, हा माझा अनुभव.

शेवटी पिमआईज, फेसचेक आयडी असल्या संकेतस्थळांवर आपला चेहरा शोधातून वगळायचा अर्ज करता येतो. पिमआईज त्यासाठी तुमचा फोटो आणि ओळखपत्राची प्रत मागतं. ओळखपत्रावरचा क्रमांक आणि पत्ता झाकून पाठवा. चोराकडे जाऊन 'माझं घर हे, इथे चोरी करू नको' असं सांगण्यासारखं हे वाटतं, मलाही वाटलं. ज्यांचा चेहरा नेटवर भरपूर पसरला आहे, ज्यांच्या मागे कुणी लागलं आहे, त्यांनी जरूर करावं. ज्यांचे नेटवर दोन-चारच फोटो आहेत त्यांनी ते फोटोच काढावेत.

पायरी चौथी: समोर कुणी घालून आला तर

बोला. मराठी माणूस इथेच अडतो, उगाच वाईटपणा नको म्हणून. वाक्य आधीच पाठ करून ठेवलं की सोपं जातं. मी म्हणतो, "तुमच्या चष्म्यात कॅमेरा आहे ना? इथे बंद ठेवाल का?" आरोप नाही, प्रश्न. वयाने लहान असेल तर, "बाबा, तो चष्मा जरा डोक्यावर कर बघू." पर्यटक असेल तर हिंदीत किंवा इंग्रजीत तेवढंच. बहुतेक जण ओशाळून काढतात.

पर्यटकाशी बोलताना तुमच्या पाठीशी एक सरकारी कागदही आहे. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांसाठी सूचना काढल्या. परवानगीशिवाय दुसऱ्या पर्यटकांचे किंवा अनोळखी लोकांचे फोटो-सेल्फी काढू नका, विशेषतः कुणी उन्हात पडलेलं असताना किंवा समुद्रात पोहत असताना, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये दारापुढे फोटोवाल्यांची रीघ लागते म्हणून रहिवासी वैतागलेत ते काही आजचं नाही, आणि पर्राच्या माडांच्या रस्त्यावर फोटोला कर लावायचा प्रयोग तिथल्या पंचायतीने २०१९ मध्ये केला होता, ओरड झाल्यावर मागे घेतला. चष्मा आला नव्हता तेव्हाचीच ही गाऱ्हाणी आहेत.

काही ठिकाणी मात्र विचारत बसू नका, सरळ थांबवा: दवाखाना, कपडे बदलायची खोली, शौचालय, देवळाजवळच्या तळीवर आंघोळीची जागा. २०१५ च्या एप्रिलमध्ये कांदोळीतल्या एका दुकानात कपडे घालून बघण्याच्या खोलीच्या दिशेने लावलेला कॅमेरा तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांच्या नजरेस आला आणि देशभर गाजला. तो निदान भिंतीला खिळलेला होता. आता तो गिऱ्हाइकाच्या नाकावर बसून आत येतो.

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक असतं. गेल्या खेपेला कुणाचातरी पुण्याचा भाचा असला चष्मा घालून रंगपटात फिरून गेला. दुसऱ्या दिवशी गावच्या गटावर क्लिप: मुकुट घातलेले महाराज पेल्यातून चहा पितायत. सगळे हसले. तिसऱ्यांदा बघताना माझ्या बायकोला महाराजांच्या मागच्या आरशात अर्धी साडी नेसलेली राणी दिसली. राणी म्हणजे शेजारच्या वाड्यावरची शिक्षिका. भाच्याला हात जोडून सांगितलं, त्याने पुसली, पण तोवर ती चाळीस फोनांत उतरली होती. प्रत्येकाला वेगळा निरोप गेला, काहींनी पुसल्याचं सांगितलं. यंदा रंगपटाच्या दाराशी एक बाकडं आणि पत्र्याचा डबा ठेवायचं ठरलं आहे. फोन आणि असले चष्मे त्यात, मगच आत.

पैशांच्या बाबतीत सवय आजच बदला. मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीत उभं राहून आपण यूपीआयचा पिन सहा जणांसमोर टाकतो. मागचा माणूस पिन लक्षात ठेवेलच असं नाही, मागचा चष्मा मात्र तो नंतर सावकाश पुन्हा बघू शकतो. फोन छातीशी धरा, एटीएमवर दुसरा हात आडवा ठेवा.

एक अपवाद मनात ठेवा. दिसत नसलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या लोकांना हे चष्मे फार उपयोगी पडतात. समोरची पाटी वाचून दाखवतात, आणि बी माय आईज या सेवेतून दूरवरचा स्वयंसेवक कॅमेऱ्यातून बघून "डावीकडे पायरी आहे" असं सांगू शकतो. माझ्याकडे असे गिऱ्हाईक येतात ज्यांना कुठल्याही भिंगाने आता मदत होत नाही. त्यांच्या अंगावर ओरडू नका.

पायरी पाचवी: तुम्हीच विकत घेतला असेल तर

घ्या की. वाटेवर दोन्ही हात मोकळे ठेवून फोटो काढायची मजा मी स्वतः अनुभवली आहे. फक्त पहिल्या दिवशी अॅपमधल्या गोपनीयतेच्या पानावर अर्धा तास घालवा. मेटाने एप्रिल २०२५ पासून नियम असा केला आहे की चष्म्याला बोलून दिलेल्या हुकमांचं ध्वनिमुद्रण कंपनीकडे साठतं, वर्षभरापर्यंत राहू शकतं, आणि ते साठवूच नका असं सांगायची सोय नाही. अॅपमध्ये जाऊन आपणच पुसायचं, किंवा आवाजी हुकूम पूर्ण बंद ठेवायचे. मी बटणच वापरतो. एखादा फोटो दाखवून चष्म्याला "हे काय आहे?" असं विचारलं की तो फोटो कंपनीच्या संगणकावर जातो, हेही ध्यानात असू द्या. घरच्या कागदपत्रांवर, बाळाच्या आंघोळीवर हा प्रयोग नको.

बाहेर वापरताना रेकॉर्डिंगआधी तोंडाने सांगा, "व्हिडिओ घेतोय हां." हात वर जात नाही, म्हणून आवाज वर जाऊ दे. ऐकून कुणी बाजूला झालं तर त्याला जाऊ द्या.

नंबर घातलेला असेल तर एक अडचण येते जी चष्मा विकणारे सांगत नाहीत. दवाखान्यात, बँकेत कुणी काढायला सांगितलं तर काढायचा कसा? काढला तर दिसत नाही. म्हणून त्याच नंबरचा एक साधा चष्मा खिशात ठेवा. यात माझ्या धंद्याचा फायदा आहे हे मान्य करतो, पण चारशे रुपयांची फ्रेमही चालेल. आणि चष्मेवाल्याकडे देताना आत बॅटरी असल्याचं सांगा. फ्रेम गरम करणं किंवा अल्ट्रासोनिक भांड्यात बुडवणं, दोन्ही त्याला चालत नाही.

पायरी सहावी: प्रकरण बिघडलंच तर

कायदा काय देतो आणि काय देत नाही, दोन्ही माहीत हवं. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला दणदणीत, पण कलम ३ वाचा. व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्यात येतच नाही. आपण स्वतः जगजाहीर केलेली माहितीही येत नाही. म्हणजे कदंबच्या बसमध्ये समोर बसून हौस म्हणून तुमचं चित्रण करणारा बहुधा सुटला, आणि तुम्ही उघडा ठेवलेला फोटोही सुटला. तिसऱ्या पायरीवर मी एवढा वेळ का घेतला ते यावरून कळेल. होमस्टे किंवा दुकान चालवणारा पाहुण्यांचे चेहरे धंद्यासाठी साठवत असेल तर मात्र तो कायद्याच्या कक्षेत येतो.

फौजदारी कायदा अधिक उपयोगी आहे. बाईला खाजगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद. तिने चित्रणाला होकार दिला होता पण पसरवायला नाही, तरी पसरवणारा गुन्हेगारच. कुणाच्याही, पुरुषाच्यासुद्धा, गुप्त भागाचं संमतीशिवाय चित्रण केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईचा पाठलाग करणाऱ्या पुरुषासाठी न्याय संहितेचंच कलम ७८ आहे.

काही सापडलं तर पहिली गोष्ट, रागाने ती क्लिप 'बघा, असं केलंय' म्हणून पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचं नाव, लिंक, तारीख आणि वेळ दिसू दे. मग त्या अॅपवर तक्रार नोंदवा, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. गोव्याचं सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे, पण पेडण्याहून किंवा सांग्याहून तिथवर धावायलाच हवं असं नाही. जवळच्या ठाण्यात हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. पैसे गेले असतील तर १९३०, लगेच. कुणी मागे लागलं असेल, अंगावर येत असेल तर ११२. खाजगी चित्र पसरायची भीती असेल तर स्टॉप एनसीआयआय ही सेवा आहे. ती तुमच्याच फोनवर त्या चित्राचा आकड्यांतला ठसा तयार करते, चित्र फोनबाहेर जात नाही, आणि तो ठसा वापरून सहभागी कंपन्या ते चित्र आपल्याकडे अडवतात. अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. मूल असेल तर थेट पोलीस.

दुकानात मी आता पाटी लावली आहे: 'कॅमेऱ्याचा चष्मा असल्यास कृपया काढून काउंटरवर ठेवावा.' रंगवून आणली, तक्त्याशेजारी टांगली. पहिल्याच आठवड्यात तो बोटीवरचा मुलगा तोच चष्मा घालून दुकानात आला. पाटी वाचली, चष्मा काढून काउंटरवर ठेवला, आणि डोळे बारीक करून म्हणाला, "काका, आता बिलावरचा आकडा तुम्हीच वाचून सांगा."